योगिनी फिरायला गेली आहे

हेरफर्ड, इंग्लंड
१५ सप्टेंबर १९९६

गोजर आत्या,

लांबूनच पाया पडते. हे पत्र आधी तू एकटीनं वाच, मग आईला वाचून दाखव. आप्पांना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मी सुखरूप आहे. सुरुवातीला हेलनकडे राहिले. हेलन म्हणजे कॉलेजात असताना जिची पत्रं बारामतीच्या हॉस्टेलवर यायची ती. तू तिला ‘तुजी गोरी’ म्हणायचीस. ती शाळेत शिकवते, एकटी राहते. तिनं मला कधीच जा म्हटलं नसतं, पण मी कुणाच्या घरात राहायला आलेले नाही, म्हणून निघाले. सध्या हेरफर्डजवळच्या एका सफरचंदाच्या बागेत कामाला आहे. गळ्यात पिशवी अडकवून शिडीवर चढायचं, फळ ओढायचं नाही, वर उचलून पिरगाळायचं, की देठासकट हातात येतं. पहिल्या दिवशी मी निम्मी फळं आपटून डागाळली. मुकादम ओरडला नाही, त्यानं फक्त ती माझ्यासमोर वेगळ्या ढिगात टाकली. आता जमतं.

राहायला चाकांची एक खोली आहे. माझ्याबरोबर जेन नावाची ऑस्ट्रेलियाची मुलगी राहते. तीही माझ्यासारखीच, कॉलेज संपवून निघालेली. ती म्हणते, तिच्या वर्गातले निम्मे जण असेच कुठं कुठं फिरतायत. जिथं काम मिळेल तिथं करायचं, कंटाळा आला की पुढं जायचं. तिला इथं कुणी काही विचारत नाही. मला मात्र प्रत्येक जण विचारतो, घरी किती माणसं आहेत, पैसे पाठवतेस का, कायमची राहणार का. आपल्याकडचा माणूस परदेशात दिसला की तो गरजेपोटीच आला असणार, असं त्यांचं पक्कं आहे. मी सांगते, मी फिरायला आलेय. ते हसतात. मी पुन्हा सांगते.

व्हिसाच्या खिडकीवर काय झालं ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आतल्या माणसानं विचारलं, कशाला जायचंय? म्हटलं, बघायला. काय बघायला? म्हटलं, तेच तर गेल्याशिवाय कळणार नाही. तो म्हणाला, तुमच्या तालुक्यातून मुली फिरायला जात नाहीत. म्हटलं, मग एक जाऊ दे. त्यानं माझे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. मला वाटलं, गेलं सगळं. दूध संघाच्या लॅबमधली माझी नोकरी, त्यातून बाजूला टाकलेला पगार, सगळं पाण्यात. मग त्यानं शिक्का मारला. दोन वर्षांचा, फिरता फिरता काम करायची मुभा असलेला.

आप्पा स्टँडवर आले नाहीत. तू आलीस. माझी बॅग उचलून बघितलीस आणि म्हणालीस, “हलकी हाय. चांगलं.” तेवढ्यावर मी इथवर आले.

योगिनी


सुपे
८ ऑक्टोबर ९६

योगिने,

तुजं पत्र वाचलं. दोनदा येकटीनं, येकदा वैनीसंगं. साक्षरतेच्या वर्गात बाई निस्ती सही शिकवून थांबनार हुत्या. मी म्हनलं, सगळं शिकवा, न्हायतर सही बी नगं. बरं झालं हट्ट केला.

वैनी इचारती, शिडीवर चढतीस तर साडी न्हाय नेसत न्हवं? म्या म्हनलं, तिकडं समदी प्यांट घालत्यात. तिनं जरा वाईट वाटून घेतलं, मग म्हनली, पडायची तरी न्हाय.

आता तुला कळाया पायजे म्हनून लिवते. दादानं, म्हंजे तुज्या आप्पानं, गावात सांगितलंय की पोरगी लंडनला कोर्सला गेली. कसला कोर्स म्हनून त्येच्या शाळंतल्या दुसऱ्या गुरुजींनी इचारलं, तर म्हनला कॉम्पुटरचा. आता जो भेटंल त्यो मला इचारतो, किती दिसाचा कोर्स? मी म्हनते, मला न्हाय म्हाईत. खोटं बोलायला मला जमत न्हाय असं न्हाय. पन दुसऱ्याचं खोटं मी का वाहू?

आन बावड्याचं येक स्थळ आलंय. पोरगा साखर कारखान्यात क्लार्क हाय, समर्थ नाव. बा त्येचा तात्याबा म्हनून, इंदापूर तालुक्यात मान हाय त्येला. दादानं तुजा फोटू दिलाय. कोर्स करून चैतापतोर येनार, असं सांगितलंय. मला कुनी इचारलं न्हाय, तुला तर न्हायच न्हाय.

दादावर लई रागावू नगंस. त्येला फिरन्याची चीड हाय, आन ती उगंच न्हाय. पन ती त्येची हाय. तुजी न्हाय, माजी बी न्हाय. मी चाळीस वर्सं मेंढरांमागं चालले. तुजा मामा, म्हंजे माजा मालक, वारला तवा दादानं मला घरात आनलं. उपकार केले, मान्य हाय. पन घरात आल्यापास्नं माजे पाय दुखत्यात. चालताना कदी दुखलं न्हाईत.

रातच्याला दार आतनं लावत जा.

आत्या


लेस्टर
१७ नोव्हेंबर १९९६

आत्या,

सफरचंदं संपली. आता लेस्टर नावाच्या शहरात आहे. इथं आपल्या देशातले बरेच लोक राहतात. एका दुकानदाराच्या घरी राहते, त्याच्याच दुकानात काम करते. माणसं ओळखीची वाटतात. जेवण आपल्यासारखं. सगळं ठीक आहे.

बावड्याच्या लोकांना सांग, मी चैत्रात येणार नाही. मी कुठल्या कोर्सला आलेली नाही. तू सांगत नसशील तर मी आप्पांना लिहीन.

थंडी आहे. काळजी करू नको.

योगिनी


सुपे
११ डिसेंबर ९६

योगिने,

पत्र बारकं आलं. सफरचंदाच्या येळंला तू शिडी लिवली, देठ लिवला, मुकादम लिवला. आता निस्तं ठीक हाय. काय झालंय?

येकदा आमी कोकनात उतरलो हुतो. येका बागाइतदारानं त्येच्या रानात मेंढरं बसवायला बोलावलं, खतासाटी. पयले दोन दिस भाकरी बी त्येच्याच घरची आली. मग म्हनला, आता सगळा हंगाम हितंच ऱ्हावा. दुसऱ्याच्या रानात जाऊ देईना. आमची दोन घोडी, बिऱ्हाड लादायची, ती त्येनं त्येच्या गोठ्यात बांधली, म्हनला, माज्याकडं सुरक्षित ऱ्हातील. माज्या मालकाला म्या म्हनलं, आपली वस्तू सांभाळायला म्हनून जो ठेवून घेतो, त्येच्याकडं येक दिस जास्ती थांबायचं न्हाय. दुसऱ्या दिशी मी सरळ त्येच्या वसरीत जाऊन बसले, घोडी सोड म्हनलं. गावातली मानसं जमली. त्येला लाज वाटली, त्येनं सोडली.

ह्ये मी उगं सांगत न्हाय. तुज्या पत्रातनं मला तसा वास आला. नसंल तर चांगलंच हाय.

दादाला तू लिवू नगंस. मी बघते.

आत्या


हेलनच्या घरातून
२ फेब्रुवारी १९९७

आत्या,

तुझं पत्र मला हेलनच्या पत्त्यावर मिळालं, लेस्टर सोडल्यानंतर. वाचताना मध्येच थांबून तारीख बघितली, कारण तू लिहिलंस तसंच मी केलं होतं. तुझं पत्र पोचायच्या आधी.

आता सगळं सांगते. त्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी माझा पासपोर्ट मागितला. म्हणाला, हरवला तर पंचाईत होईल, तिजोरीत ठेवतो. मी दिला. मग दुकान संपलं की घरातली भांडी, मग मुलांचे कपडे, मग त्याच्या आईचे पाय दाबणं. जेवायला असायचं, झोपायला खोली होती. म्हणून मीच स्वतःला सांगत राहिले की ठीक आहे. बाहेर जाऊ का विचारलं की तो म्हणायचा, मुली इथं एकट्या फिरत नाहीत. पगार मागितला की म्हणायचा, जाताना एकदमच देईन. तुला ते बारकं पत्र लिहिलं तेव्हा त्याची बायको समोर बसून बघत होती.

मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तो दुष्टपणे बोलायचा नाही. अगदी आपुलकीनं बोलायचा. आपली माणसं, आपली मुलगी.

नाताळच्या आधी दुकानात गर्दी होती. मी काउंटरवर होते. तो शेजारी गल्ल्यावर. मी हातातलं काम थांबवलं आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, “माझा पासपोर्ट द्या. मी आज चाललेय.”

तो हळू आवाजात म्हणाला, नंतर बोलू. मी इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना कळेल असं. तो म्हणाला, “मी तुझ्या वडिलांच्या जागी आहे.”

मी म्हटलं, “माझे वडील सुप्याला आहेत. तुम्ही मालक आहात. पासपोर्ट द्या.”

रांग थांबली. एका म्हाताऱ्या बाईनं तिची टोपली काउंटरवर ठेवली आणि हात बांधून उभी राहिली. तिच्या मागचा माणूसही हलेना. त्याला वर जाऊन पासपोर्ट आणावा लागला. पगाराचं त्यानं काही केलं नाही, मीही पुन्हा मागितला नाही. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून रडले, हे खरं. पण परत यावंसं वाटलं नाही. उलट वाटलं, आता गेले तर माझ्या डोक्यात हा देश म्हणजे त्याचं दुकान एवढंच राहील. ते मी होऊ देणार नाही.

तर पुढचं ऐक. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका शेतकऱ्याला मेंढ्यांच्या विणीच्या हंगामात मदतीला माणूस हवं आहे. मी फोन केला. ग्वेन नावाच्या बाईनं उचलला. म्हणाली, अनुभव आहे का? मी म्हटलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या होत्या. खोटं नाही सांगितलं. फक्त त्या आप्पांनी मी जन्मायच्या आधीच विकल्या, हे सांगितलं नाही. तिनं ये म्हटलं.

आत्या, मी आयुष्यात एका कोकराला हात लावलेला नाही. अडलेली मेंढी कशी सोडवतात ते लगेच लिही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वीण सुरू होते.

योगिनी


सुपे
९ मार्च ९७

योगिने,

तुजं पत्र वाचून मी येकटी हसले, मग रडले, मग परत हसले. धनगराची, बंडगराची पोर आन कोकराला हात न्हाय. आदी कामाचं लिवते.

पुढचे दोन पाय आन त्यावर टेकल्यालं नाक, असं आलं तर तू कायबी करू नगंस, मेंढीला करू दे. येकच पाय आला तर दुसरा आत दुमडल्याला असतो. कळ थांबली की कोकरू वाईच मागं सार, बोटांनी पाय सरळ कर. वढायचं ते कळ आल्यावरच, आन खालच्या अंगाला. बाहेर आलं की नाक पूस, आन मेंढीच्या तोंडापुढं ठेव. तिला चाटू दे. मग तिचं ती बघती. ह्ये पत्र येळंवर पोचतंय का देव जाने.

आता घरचं. बावड्याचे पाव्हनं घर बघायला आले हुते. तात्याबा, त्येची बायकू, आन पोरगा समर्थ. दादानं सतरंजी हातरली, पोहं केलं. तात्याबानं कोर्सचं इचारलं. दादानं सांगितलं. मग त्येनं इचारलं, सर्टिफिकेट मिळालं की बारामतीत नोकरी लागंल न्हवं? दादा म्हनला, लागंल. मी चा घिऊन उभी हुते. मनात आलं, तू तितं परक्या दुकानात हुबी ऱ्हाऊन आपलं खरं बोलतीस, आन हितं तुज्याच घरात तुज्याबद्दल खोटं बोलत्यात.

म्या ट्रे खाली ठेवला. म्हनलं, “कोर्स-बिर्स काय न्हाय. पोरगी फिरायला गेली. फिरता फिरता मजुरी करती. सफरचंदं उतरवली, आता मेंढरं बघती. चैतात येनार न्हाय.”

तात्याबा म्हनला, “येकटी?”

म्हनलं, “व्हय. येकटी.”

त्यो पोरगा तेवढा म्हनला, कंच्या देशात? त्येला खरंच ऐकायचं हुतं. पन त्येच्या बानं त्येच्याकडं बघितलं, तसा त्येनं मान खाली घालून कप उचलला. चा पिऊन ती उठली. पोहं तसंच ऱ्हायलं.

दादानं सतरंजी गुंडाळून ठेवली.

मी सध्या माळावरल्या शेडात ऱ्हाते. घरात लई उकडतं, हितं वारं चांगलं हाय. पूर्वी माज्यासंगं चालल्याल्या बनाबाईची मेंढरं शेजारच्या रानात बसल्यात, सोबत हाय. पत्र घरीच धाडत जा, वैनी आनून देती.

आत्या


सुपे, ता. बारामती
३० मार्च १९९७

योगिनी,

तुझी आत्या तुला काय लिहिते ते मला माहीत नाही. मी जे घडलं ते लिहितो. बावड्याचं स्थळ मोडलं. तुझ्या आत्याला मी वेगळं राहायला सांगितलं आहे. पाहुण्यांसमोर घराची अब्रू काढणाऱ्या माणसाला घरात ठेवता येत नाही, मग ती बहीण असली तरी.

तुला वाटत असेल, आप्पा जुन्या विचारांचे आहेत. मी मुलींना शिकवणारा माणूस आहे. तुला बारामतीला हॉस्टेलवर मी ठेवलं, तेव्हा भावकीतली माणसं काय बोलली ते तुला माहीत नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर घरात काढली नाही.

माझी आई वरंधा घाटाखाली वारली. कळप कोकणातून वर येत होता. तिला ताप होता. थांबायला कुणी जागा दिली नाही, कारण मेंढ्या पिकात जातील. ती चालता चालता बसली आणि उठली नाही. गोजर तेव्हा पाठीवर बांधायच्या वयाची होती. मी मोठा होतो. त्या दिवशी मी ठरवलं की माझी मुलं एका जागी, एका छपराखाली, दाराला कडी असलेल्या घरात वाढतील. त्यासाठी सुप्यात मामाच्या दारात राहून शिकलो. त्यासाठी वडिलांच्या मेंढ्या विकल्या. लोकांनी मला ‘गुरुजी’ म्हणावं म्हणून आयुष्य घातलं.

आणि ज्या फिरण्यातून मी तुम्हाला बाहेर काढलं, तेच करायला तू साहेबाच्या देशात गेलीस. तेही मेंढ्यांमागं. हे मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?

परत ये. विमानाचं मी बघतो.

आप्पा


लानिडलोस, वेल्स
२७ एप्रिल १९९७

आप्पा,

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. आजीचं कळलं. तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर मी गेले नसते, असं नाही. पण तुमच्यावर एवढी चिडून गेले नसते.

आत्यानं मला लिहिलं की शेडात वारं चांगलं आहे म्हणून ती तिथं राहते. मी खरं मानलं. तिला घराबाहेर काढल्याचं तिनं अक्षरानंही कळू दिलं नाही.

मी इथं काय करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला ते दुसऱ्याकडून ऐकावं लागणार नाही. डोंगराच्या पोटाला मोठी पत्र्याची शेड आहे, त्यात विणीच्या मेंढ्या. आत्याला मी काम कसं करायचं ते विचारलं होतं, पण तिचं पत्र यायच्या आतच वीण सुरू झाली. माझ्या हातात आलेलं पहिलं कोकरू मेलं. एक पाय बाहेर होता आणि मी तोच ओढत बसले. ग्वेनबाईंनी ते पोतडीत घातलं आणि मला म्हणाल्या, “तू आधी कधी केलेलं नाहीस ना?” मी म्हटलं, नाही. आमच्या घरच्या मेंढ्या माझ्या जन्माआधी विकल्या. मला वाटलं, आता बॅग भरायला सांगतील. त्यांनी विचारलं, का विकल्या? तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, विचार त्यांना. आणि मला पुढच्या मेंढीपाशी नेलं, माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. आत्याचं पत्र आलं तोवर मी पुष्कळ कोकरं सोडवली होती. तरी ते मी ग्वेनबाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे सगळं.

मी परत येणार नाही. इतक्यात नाही. व्हिसा संपेपर्यंत फिरणार आहे. आता या डोंगरातून समुद्राच्या कडेनं चालत जायचं आहे, मग उत्तरेला स्कॉटलंडला. तिथं उन्हाळ्यात रासबेरी तोडायला माणसं घेतात. चिडून लिहीत नाही, आप्पा. आजीला कुणी थांबू दिलं नाही, ती चालत राहिली कारण तिला दुसरं काही करता येणार नव्हतं. मला करता येतं. लॅबची नोकरी होती, तुमचं घर होतं, आजही आहे. ते सगळं असताना मी निघाले. आजीचं चालणं आणि माझं चालणं तुम्ही एकाच मापानं मोजू नका. माझ्या पायात जे बळ आहे ते तुम्ही कडीच्या घरात वाढवल्यामुळंच आहे. त्याची लाज मी बाळगणार नाही. तुम्हीही बाळगू नका.

आत्याला घरात घ्या असं मी म्हणणार नाही. तिला विचारा, तिला यायचं आहे का. आणि ती काय सांगेल ते ऐका.

आईला सांगा, मी पँट घालते आणि पडत नाही.

योगिनी


सुपे
१६ नोव्हेंबर १९९७

चिरंजीव योगिनी,

तुझी स्कॉटलंडची दोन्ही पत्रं मिळाली. मी उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. आता आहे.

तुझं एप्रिलचं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं मला एवढंच विचारलं, तुमच्या आईचं हे मला कधी का नाही सांगितलंत? त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मी माळावर गेलो. म्हटलं, गोजर, पत्रा गळतो, घरी चल. ती म्हणाली, “येते. पन आदी गावात सांग, पोरगी काय करती.” मी म्हटलं, लोकांना काय करायचंय? ती म्हणाली, “लोकांसाटी न्हाय. तू कवा सांगतोस ते मला बघायचंय.” मी परत आलो. तिनं शेडावर स्वतः चढून पत्र्याला डांबर लावलं. खाली उभं राहून मी ते बघितलं आणि शिडीही धरली नाही, इतका मला राग होता.

मग इंदापूरला आमच्या खात्यातल्या एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत तात्याबा माझ्या समोरच्या ओळीत बसले होते, शेजारी त्यांचा समर्थ. पलीकडच्या एका गुरुजींना काही माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं, मुलीचा कोर्स संपला का? माझा हात ताटात थांबला. ‘संपत आलाय’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मी म्हणालो, “कोर्स नव्हताच. योगिनी फिरायला गेली आहे. लागेल ते काम करते. वेल्सला मेंढ्यांच्या विणीला होती, आता स्कॉटलंडला आहे.” आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वाढपी आमटी घेऊन थांबला होता, तो पुढं गेला.

तात्याबा खाली बघून जेवत राहिले. समर्थनं मात्र विचारलं, गुरुजी, तिकडं मेंढ्या शेडात वितात की उघड्यावर? थंडीत कोकरं कशी जगतात? मला शेडाचं तेवढं सांगता आलं. बाकी मी मेंढ्यांमध्ये जन्मलो, पण त्याच्या पुढच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

तिथून एसटीनं उतरलो तो घरी न जाता माळावर गेलो. गोजरला सांगितलं. तिनं मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, कोण कोण होतं, तू काय म्हणालास, शब्द सांग. मी शब्द सांगितले. मग तिनं चुलीतलं लाकूड ओढून विझवलं आणि गाठोडं बांधलं. पावसाळाभर घरी राहिली. तुझी आई आणि ती दोघी मिळून माझ्यावर हसतात असं मला पुष्कळदा वाटलं. बहुतेक हसतच होत्या.

दिवाळी झाल्यावर बनाबाईचा कळप कोकणात निघाला. गोजर त्यांच्याबरोबर गेली. मी म्हटलं, तुझं वय काय, हे काय चाललंय, मी काही कमी केलं का? ती म्हणाली, “कमी न्हाय केलंस. मला चालायचंय.” मी म्हटलं, घाट आहे. ती म्हणाली, “म्हाईत हाय कंचा घाट हाय. त्या जागी मी पानी सोडून येनार हाय. तू यायचास का?”

मी गेलो नाही. शाळेची चाचणी होती, हे कारण मी दिलं. खरं म्हणजे मला अजून ते जमत नाही. पण पहिल्या मुक्कामापर्यंत तिचं गाठोडं मी घेतलं. पोरं-बाळं, घोडी, कुत्री, मेंढ्यांची धूळ. वाटेत माझे विद्यार्थी भेटले, त्यांनी नमस्कार केला. मी गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेऊन नमस्कार केला.

आता ती कुठं असेल सांगता येत नाही. तिचा पत्ता नाही. तुझा आहे, म्हणून तुला लिहितो.

रासबेरी म्हणजे नक्की काय? झाडावर येते की वेलीवर? ती तोडायला कुणाकुणाला घेतात, राहायला काय असतं, पुढं कुठं जाणार, आणि तिथं काय काम मिळतं? विणीचंही पुन्हा नीट लिही, पहिल्यापासून, मेलेल्या कोकरासकट. घाई करू नको, पण काही गाळू नको. लोक विचारतात, आणि मला चुकीचं सांगायचं नाही.

तुझे आप्पा